जुना डेस्कटॉप आणि घरचं नेटवर्क: कामाच्या नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर २०२५

१ नोव्हेंबर, शनिवार. आज फक्त मोजमाप

घर दुमजली. तळमजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड फूट जाड. माडी नंतर चढवलेली, आरसीसी स्लॅबची. फायबरचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं, त्याचा वायफायवाला डबा खाली बैठकीत, लोखंडी कपाटाला चिकटून. डेस्कटॉप खालच्याच आतल्या खोलीत: इंटेल कोअर आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ मेमरीची ४ जीबीची एकच पट्टी, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०.

तक्रारी घरच्यांच्याच शब्दांत उतरवून घेतल्या. चालू केला की चहा पिऊन होतो तरी तयार नसतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. लाइट जाऊन आली की एकही साइट उघडत नाही. माडीवर व्हिडिओ कॉल तुटतो. प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. सगळ्यांचं निदान एकच: कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घ्या.

पाच तक्रारी म्हणजे पाच कारणं असू शकतात. म्हणून आज कशालाच हात लावला नाही, नुसते आकडे घेतले.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप वापरता येईपर्यंत ६ मिनिटं १० सेकंद. डेस्कटॉपवर केबलने वेग ९३.८ एमबीपीएस. फायबरच्या डब्याशेजारी उभं राहून फोनवर ५ गिगाहर्ट्झने १९६. माडीवर फोनला ७, सिग्नल उणे ७९ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). डब्याच्या पानावर येणारा प्रकाश उणे १९.४ डीबीएम. घरगुती जीपॉन (फायबरच्या) जोडणीत उणे ८ ते उणे २७ ही चालणारी मर्यादा असते, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत आहे. कस्टमर केअरला फोन लावायचं कारण नाही.

९३.८ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच मिळतात. आपला प्लॅन २०० चा आणि केबलवर नेमके ९४ दिसले, तर प्लॅनकडे बघायचंच नाही, केबल तपासायची.

पुढच्या सगळ्या कामाला नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि बदलानंतर तोच आकडा पुन्हा मोजायचा.

२ नोव्हेंबर, रविवार. अर्थिंग, एसएमपीएस, बोर्डाचा सेल

आधी झिणझिण्या. मल्टिमीटर एसीवर ठेवून कॅबिनेटचा उघडा स्क्रू आणि बाहेरच्या बोर्डाची खात्रीची अर्थ यांच्यात मोजलं: १०८ व्होल्ट. हा आकडा बघून एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) गेला असं म्हणायची घाई करू नये. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थच नसेल तर कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध लोंबकळतं, म्हणून २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट दिसतात. त्यातून जाणारा प्रवाह अगदी थोडा असला तरी तोच एचडीएमआय आणि नेटवर्कच्या केबलमधूनही वाट शोधतो, आणि केबल लावता-काढताना पोर्ट जाऊ शकतो.

सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ ६०च्या आसपास हेलकावणारा आकडा. मेन स्विच बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घेतला. हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली, पण टोक टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेलं, सॉकेटला जोडलेलंच नव्हतं. जोडल्यावर फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट, कॅबिनेटवर शून्य. न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत असलं की निर्धास्त राहावं. मॉनिटर तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॉप्टर लावून चालत होता. तोही काढला, नाहीतर अर्थ जोडूनही मॉनिटर तसाच राहिला असता.

एसएमपीएसचे व्होल्टेज: १२ च्या लाइनवर ११.८९, ५ वर ५.०४, ३.३ वर ३.३१. एटीएक्स मानकात ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ साठी ११.४ ते १२.६. एसएमपीएस बदलायची गरज नाही.

आता साइट न उघडण्याची तक्रार. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालवणारा, २.४ व्होल्ट दाखवत होता, नवा ३.२ दाखवतो. सेल उतरला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच न झालेलं’ दिसतं आणि तो दार लावून घेतो. नेट चालू असतं, पण बघणाऱ्याला ते बंद वाटतं. या घरात रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे. फक्त तेव्हा घड्याळाचा सगळा भार सेलवर येतो, त्यामुळे सेल लवकर उतरतो एवढं ध्यानात ठेवावं.

सेल काढायच्या आधी बायोसच्या (मदरबोर्डाच्या सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. तो उपयोगी पडला. नवा सेल घातल्यावर साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर गेला होता. तसाच सोडला असता तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं असतं आणि दोष डिस्कवर आला असता. फोटो बघून पुन्हा एएचसीआय केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार. आधी मेमरी, मग डिस्कची नक्कल

डिस्कवर संशय होताच, पण आधी मेमरी तपासली. सदोष मेमरीतून नक्कल केली तर नक्कलच नासते आणि ते महिनोन्महिने कळत नाही. मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवला. ४ जीबीच्या पट्टीवर पूर्ण एक फेरी, चुका शून्य.

मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघितले. त्यातल्या चारच ओळी वाचायच्या. क्रमांक ५, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे ५१२ बाइटचे कप्पे): ०. क्रमांक १९७, वाचायला अडणारे आणि निकाल बाकी असलेले: २४. क्रमांक १९८, दुरुस्त न होणारे: २४. क्रमांक १९९, केबलवरच्या चुका: ०. १९९ वाढलेला असता तर साटा केबल बदलून काम भागलं असतं. इथे १९७ बोलतोय, म्हणजे तबकडीच खराब होत चालली आहे. सुरू व्हायला लागणाऱ्या ६ मिनिटांचा बराच भाग याच वाचनाच्या अडखळण्यात जात होता.

अशा डिस्कवर विंडोजची डिस्क-तपासणी चालवू नये. ती डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर एकेक लिहिणं म्हणजे उरलेलं आयुष्य खर्च करणं. आधी नक्कल.

साधन: डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कची नक्कल करणारा प्रोग्रॅम. मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, पण आज्ञा डीडीरेस्क्यू. नावात अधोरेषा असलेला डीडी_रेस्क्यू हा वेगळाच प्रोग्रॅम आहे, त्याचे पर्यायही वेगळे.

नक्कल जिथे ठेवायची ती १ टीबीची बाहेरची डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या रचनेत फॉरमॅट केली. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तिथे ५०० जीबीची प्रतिमा (सगळ्या डिस्कच्या नकलेची एकच फाइल) चौथ्या जीबीलाच अडली असती. डिस्क मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावली. एच८१ वर असे दोनच पोर्ट असतात, बाकी सगळे यूएसबी २. सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने ५०० जीबीला पावणेदोन तास लागतात, यूएसबी २ वर ३५ च्या वेगाने चार तास.

आज्ञा देण्यापूर्वी कोणती डिस्क कोणती हे आकार आणि सिरियल नंबर वाचून कागदावर लिहिलं. एसडीए (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणजे जुनीच असणार असं धरून चालायचं नाही, बूट बदलला की अक्षरं बदलतात. इथे स्रोत आणि लक्ष्य उलटे झाले तर परत येणारं काहीच उरत नाही.

पहिली फेरी नो-स्क्रेप पर्याय लावून, नोंदीची मॅपफाइल सोबत ठेवून: जे सहज वाचलं जातं ते आधी उचलायचं. दुसरी फेरी थेट वाचनाने, तीन प्रयत्नांची. २४ पैकी ८ सेक्टर दुसऱ्या फेरीत आले, १६ राहिले, म्हणजे ८,१९२ बाइट. कोणत्या जागेत कोणती फाइल हे सांगणाऱ्या एनटीएफएसक्लस्टरने बघितलं तर ती जागा अपडेटच्या उतरवलेल्या तात्पुरत्या फाइलची निघाली. घरातली एकही फाइल गेली नाही. प्रतिमा फक्त वाचनासाठी जोडून फोटो आणि कागदपत्रांचे फोल्डर उघडून पाहिले, संख्या जुळली.

९ नोव्हेंबर, रविवार. साफसफाई, दुसरी पट्टी, एसएसडी

प्रोसेसरचं तापमान उघडण्याआधी: निवांत असताना ५८, भार दिल्यावर ९१ अंश. पंख्याखालच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने झाडलं. ब्लोअरने पंखा मोकळा फिरू दिला तर त्याची बेअरिंग जाते. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुटत होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली.

या कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपाशी बहुतेकांची गफलत होते. पिन बसवताना तिच्या माथ्यावरच्या बाणाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवून ठेवायची, मग कर्णावरच्या समोरासमोरच्या दोन, नंतर उरलेल्या दोन दाबायच्या. दरवेळी कट्ट असा आवाज आला पाहिजे. मग बोर्ड उलटून मागून बघायचं: चारही पांढरी टोकं पलीकडे आलेली आणि फाकलेली दिसली पाहिजेत. तीन बसून एक सुटली तरी कूलर जागेवर दिसतो आणि प्रोसेसर तापत राहतो. नंतर निवांत ३७, भार दिल्यावर ६३.

दुसरी ४ जीबीची डीडीआर३-१६०० पट्टी लावली. एकूण ८ झाले, शिवाय दोन चॅनेल सुरू झाल्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही फायदा. लगेच मेमटेस्ट: चौथ्या मिनिटाला चुका, शेकड्याने. नवी पट्टी परत करायच्या आधी अदलाबदल केली. नवी पट्टी पहिल्या खाचेत एकटी: चुका नाहीत. जुनी, कालच स्वच्छ ठरलेली, दुसऱ्या खाचेत एकटी: चुका. म्हणजे दोष पट्टीचा नाही, खाचेचा. ही खाच ११ वर्षं रिकामी, उघडी होती. मोबाइलच्या टॉर्चने आडवा प्रकाश टाकल्यावर तळाशी धुळीचा बारीक दोरा दिसला. मऊ ब्रश आणि हवेच्या फवाऱ्याने काढला, पट्ट्यांचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलकेच घासले, बुरा झटकला. दोन्ही पट्ट्यांसह दोन फेऱ्या, चुका शून्य.

एसएसडी (न फिरणारी डिस्क) अडीच इंची, ५०० जीबी, साटाची. एनव्हीएमई प्रकारची घेतली नाही, कारण या पिढीचे बहुतेक बोर्ड तिच्यावरून बूट होत नाहीत. एच८१ च्या चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ जीबीपीएसचे असतात, बाकी दोन ३ चे. बोर्डावर छापलेलं बारीक लेबल वाचून ६ च्या पोर्टला लावली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर. हा चौथ्या पिढीचा. पळवाटांनी ते बसवता येतं, पण उद्या एखाद्या अपडेटला ते अडलं तर सोडवायला या घरात कोणी नाही. घरातलं काम ब्राउझर, हिशेबाच्या शीट्स, मराठी टंकलेखन आणि प्रिंट एवढंच आहे. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२, सिनॅमन आवृत्ती. मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

मिंटची आयएसओ फाइल उतरवून तिची एसएचए२५६ ची बेरीज (फाइलचा ठसा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी पडताळली. हे दोन मिनिटांचं काम टाळलं, तर अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन ७० टक्क्यांवर मरतं आणि मग पेनड्राइव्ह, एसएसडी, मेमरी सगळ्यांवर शंका घेत दिवस जातो.

बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे यूईएफआय (बूटची नवी पद्धत) लिहिलेला. यूईएफआयवालाच निवडला. बायोसमधला सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा पर्याय, बंद केला. जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवली, नाहीतर बूटलोडर (सिस्टिम उठवणारा भाग) चुकून तिच्यावर बसतो आणि ती डिस्क काढली की नवी सिस्टिमही उठत नाही.

विभागणी हाताने केली: ईएफआयला (बूटच्या फायलींना) ५१२ एमबी, मुळाला (सिस्टिमला) ८० जीबी, उरलेली जागा होमला (घरच्या फायलींना). होम वेगळं ठेवलं की पुढे सिस्टिम नव्याने टाकताना फायली जागच्या जागी राहतात. इन्स्टॉल १४ मिनिटांत झालं. अपडेट संपल्यावर टाइमशिफ्टचा पहिला स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घेतला. टाइमशिफ्ट सिस्टिमसाठी आहे, ते घरच्या फायलींची प्रत ठेवत नाही. फायलींची प्रत वेगळी, बाहेरच्या डिस्कवर, दर रविवारी.

बटण ते डेस्कटॉप: २६ सेकंद.

१६ नोव्हेंबर, रविवार. मराठी: कळफलक आणि जुन्या फायली

या कामाला अख्खा दिवस दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. घरातल्या आजोबांच्या २० वर्षांच्या लिखाणाच्या ३४० फायली या यंत्रात आहेत.

कळफलक आधी. इन्स्क्रिप्ट या मानक कळमांडणीसाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची मांडणी जोडली की झालं. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांसाठी फसिटएक्स५ आणि त्याचं एम१७एन टाकलं, मराठी फोनेटिक निवडलं, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन. लॉगआउट न केल्यास ते दिसतं पण उमटत नाही. कंट्रोल आणि स्पेसने भाषा पालटते.

लिब्रेऑफिसमध्ये भाषांच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी केली. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी लावलेली असेल तरच ते येतात. हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे दिसतात.

आता जुन्या फायली. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, काही डीव्ही-टीटी सुरेखमधल्या, काही श्री-लिपीच्या. या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. नुसता फॉन्ट बदलून युनिकोड होत नाही.

क्रम असा ठेवला. प्रतिमेतल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातून तेच फॉन्ट उचलून मिंटमध्ये बसवले. फायली नीट दिसल्या. लगेच सगळ्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या, म्हणजे मूळ लिखाण डोळ्यांनी वाचता येईल अशा रूपात कायम राहिलं. मगच परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) चालवला, प्रत्येक फॉन्टसाठी त्याचाच तक्ता लावून. सुरेखचा तक्ता श्री-लिपीच्या फायलीवर चालवला तर मजकूर अर्धा बरोबर येतो, आणि अर्धं बरोबर असणंच फसवतं.

परिवर्तनानंतर तीन ठिकाणं डोळ्यांत तेल घालून तपासायची. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की परिवर्तक तिला चुकीच्या अक्षरावर टाकतो. दुसरा रफार: जुन्यात तो अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. तिसरा, आपल्या मराठीचा खास, ऱ्य आणि ऱ्ह मधला आडवा र. परिवर्तकाने ‘दऱ्या’चा ‘दर्या’ केला होता: डोंगरातल्या दऱ्या होत्या त्या जागी समुद्र आला. ‘आचाऱ्यांना बोलावलं’ चं ‘आचार्यांना बोलावलं’ झालं. शुद्धलेखन तपासणीला हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

काही फायलींत हाच र दिसायला बरोबर होता पण शोधल्यावर सापडत नव्हता. तिथे परिवर्तकाने साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं होतं. योग्य रीत म्हणजे ऱ (यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त. शोधा-बदला चालवून सगळीकडे एकच रीत केली. इन्स्क्रिप्टवर ऱ्य उमटवायला शिफ्ट धरून जे ची कळ, मग डी ची, मग तिरक्या रेघेची. आजोबांसाठी हे एका कार्डावर लिहून मॉनिटरखाली चिकटवलं.

आज ४१ फायली तपासून झाल्या. उरलेल्या रोज दहा.

२२ नोव्हेंबर, शनिवार. केबल

डेस्कटॉपच्या नेटवर्क माहितीत जोडणीचा वेग १०० दिसतो, पोर्ट दोन्हीकडे १००० चे. केबल टेस्टर लावला: १ ते ६ दिवे लागले, ७ आणि ८ नाहीत. म्हणजे तपकिरी जोडी तुटलेली. १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, १००० ला आठही. म्हणून केबल अर्धी मेलेली असूनही ‘चालते आहे’ असं वाटतं.

केबलच्या मार्गावर हात फिरवत गेलं तर कपाटाच्या मागच्या पायाखाली ती चपटी झालेली सापडली. दिवाळीच्या साफसफाईत कपाट हललं होतं. टोक सोलून तार नखाने खरवडली: लाल झिलईखाली आत पांढरी. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ती तार दुमडली की तुटते आणि तिचा रोधही जास्त. डागडुजी न करता १४ मीटर शुद्ध तांब्याची कॅट६ नवी ओढली, विजेच्या वायरपासून वेगळ्या पट्टीतून.

प्लगचा रंगक्रम, क्लिप खाली, सोनेरी दात वर आणि केबल शिरते ती बाजू आपल्याकडे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे. कॅट६ ची तार जाड असते, तिला कॅट६ चेच प्लग घ्यावेत, जुन्या प्लगांत ती रेटून बसवली की एखादा दात टेकत नाही.

जोडणी १०००. वेग १९४.

२३ नोव्हेंबर, रविवार. माडीवरचं वायफाय

दीड फूट दगड आणि वर लोखंडी सळयांचा स्लॅब: ५ गिगाहर्ट्झ इथून वर जाणारच नाही, २.४ जेमतेम जाईल. नुसता रिपीटर लावला तर तो मिळालेला वाईट सिग्नलच पुढे देतो. म्हणून जिन्याच्या कडेने १८ मीटर कॅट६ वर नेली आणि घरात पडून असलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा) म्हणून लावला.

आधी खालचा डबा कपाटापासून दीड मीटर दूर, उंचावर घेतला. फायबर हलवताना तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण येऊ दिलं नाही. हलवल्यानंतर प्रकाश उणे १९.५, म्हणजे वळणात काही गेलं नाही. हिरव्या टोकाचा प्लग उघडा असताना त्याच्या टोकाला बोट लावू नये.

दुसऱ्या राउटरचा क्रम: तो घरच्या नेटवर्कला न जोडता आधी लॅपटॉपला एकटा जोडायचा. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, एकदम जोडले असते तर सेटिंगचं पान कोणाचं उघडेल याचा भरवसा नव्हता. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला. मग केबल त्याच्या लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टला, वॅनला (बाहेरच्या नेटच्या) नाही. वॅनला लावली की दुहेरी नॅट (पत्ते बदलून पुढे पाठवणं) होतं आणि वरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसत नाही.

पहिल्या खेपेला डीएचसीपी बंद केल्यावर सेव्ह दाबायचं राहिलं. वीस मिनिटांत दोन फोनना इंटरनेट नाही अशी बोंब झाली: वरच्या राउटरने त्यांना स्वतःचाच पत्ता गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून दिला होता, आणि तिथून बाहेर जायला वाट नाही. एका नेटवर्कमध्ये डीएचसीपी देणारा एकच हवा.

चॅनेल: २.४ वर खाली १, वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर खाली ३६, वर १४९. ५२ ते १४४ मधले मुद्दाम टाळले, तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि चालू कॉल तुटतो. जिना चढल्यावरही फोन खालच्याच डब्याला चिकटून राहत होते, म्हणून खालच्या २.४ ची ताकद मध्यम केली. माडीवर आता उणे ४७ डीबीएम, वेग १८१.

खालच्या डब्याच्या वॅनचा पत्ता १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला दिसला. म्हणजे पुरवठादाराकडेही नॅट आहे. पुढे कोणी कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडायला बसलं तर ते या जोडणीवर होणार नाही, त्यासाठी ही नोंद.

२९ नोव्हेंबर, शनिवार. प्रिंटर आणि वीज

प्रिंटरला दरवेळी नवा पत्ता मिळत होता, आणि जुन्या विंडोजमध्ये मात्र पहिला पत्ता कायमचा लिहिलेला. मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या ओळख क्रमांकावरून) त्याला १९२.१६८.१.५० राखून दिला. मिंटने ड्रायव्हर न मागता आयपीपी या छपाईच्या ठरलेल्या पद्धतीने ओळखला. हा प्रिंटर फक्त २.४ वर चालतो. तो किंवा फोन गेस्ट नेटवर्कवर ठेवला तर सापडत नाही, कारण गेस्टवरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.

वीज गेल्यावर नेट चालावं म्हणून १२ व्होल्टचे दोन मिनी यूपीएस. एकावर दोन्ही डबे टाकायचा मोह टाळला: अडॉप्टरवर १ आणि १.५ अँपियर लिहिलेलं, यूपीएस २ अँपियरचा. पिनेच्या मध्यभागी धन आहे ना, हे दोन्हीकडच्या छापील चिन्हांवरून बघूनच जोडलं. फायबरचा डबा प्रत्यक्षात ०.५५ अँपियर घेतो, म्हणजे ६.६ वॉट. ८८०० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे ३२.६ वॉट-तास, रूपांतरातली गळती धरून चार तासांच्या आसपास. स्विच बंद करून घड्याळ लावलं: ३ तास ४० मिनिटं.

१४ डिसेंबर, रविवार. पुन्हा मोजमाप

बटण ते डेस्कटॉप २७ सेकंद. केबलवर १९३, माडीवर १७८. सेल ३.१ व्होल्ट, तीन वेळा वीज जाऊनही घड्याळ बरोबर. न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. प्रिंटर पंधरा दिवसांत एकदाही हरवला नाही.

जुनी डिस्क एकदाच जोडून बघितली: १९७ चा आकडा २४ वरून ५६. ‘वापरू नये, फक्त मूळ प्रत’ असं लेबल आणि तारीख लावून अँटिस्टॅटिक पिशवीत घातली. ३४० पैकी २९८ फायली तपासून झाल्या. उरलेल्या ४२ संपून आजोबांनी वाचेपर्यंत डिस्क पुसायची नाही.